हात लागला

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आठवीच्या विज्ञानाच्या तासाला कौसरचा डावा हात मनगटापाशी मोडला. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढचं जो तो वेगळं सांगत होता, आणि ज्यांनी सांगायला हवं होतं त्या नीरजा खर्चे मॅडमना नीट आठवत नव्हतं.

शाळा मोताळा तालुक्यातली, धामणगाव बढे आणि रोहिणखेड यांच्या मधल्या एका गावातली. नीरजा मॅडम तिथे एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. सुरुवातीची काही वर्षं त्यांनीही लाकडी पट्टी वापरली होती, सगळेच वापरायचे. मग शिक्षण हक्काचा कायदा आला, स्टाफरूमच्या भिंतीवर परिपत्रक लागलं आणि पट्टी कपाटात गेली. त्यांना ते जड गेलं नाही. आवाज चढवला, डोळे वटारले की भागायचं. तेव्हापासून आपण कुठल्या लेकराला हात लावला नाही, असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि ते खरं होतं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवून दाखवायचं होतं. कौसर पहिल्या बाकावरची. तेरा वर्षांची, बडबडी, पण हात अतिशय स्थिर. आकृती काढावी तर तिनंच. म्हणून मॅडमनी तिला ओट्यापाशी मदतीला बोलावलं होतं. दिव्याची ज्योत बारीक व्हायला लागली. "दिवा विझवल्याशिवाय त्यात स्पिरिट ओतायचं नाही," असं मॅडमनी वर्गाला तीनदा सांगितलं होतं. मग त्या फळ्याकडे वळल्या. आकृतीची दोन नावं लिहून परत फिरल्या, तर जळत्या दिव्यावर कौसरनं स्पिरिटची बाटली तिरपी धरली होती. तिचं लक्ष दिव्याकडे नव्हतंच. मागच्या बाकावरच्या मुलींकडे बघून ती हसत होती.

बाटली, ज्योत आणि ते हसणं एवढं मॅडमना लख्ख आठवत होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते असं, की कौसर खाली फरशीवर बसलेली आहे, हात पोटाशी धरून ओरडते आहे, आणि स्वतःचा उजवा तळहात चुरचुरतो आहे. मधलं काही नव्हतं. किती वेळ गेला असेल? दोन सेकंद, फार तर तीन.

मुख्याध्यापक भगवंतराव यांच्या गाडीतून कौसरला आधी मोताळ्याला आणि मग तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून बुलढाण्याला नेलं. मागच्या सीटवर ती मॅडमच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. राजूरचा घाट चढताना गाडी वळली की ती दुखऱ्या हातामुळे कण्हायची आणि आणखी बिलगायची. "झालंच हं, आलंच बुलढाणं," असं म्हणत मॅडम तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या. आपण तिला वाचवलं, हाच विचार त्या वेळी त्यांच्या मनात होता.

दवाखान्यात प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, "आणि गालाला काय झालं?"

"पडली तेव्हा ओट्याला लागलं असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मग त्यांनी वाकून पाहिलं. कौसरच्या डाव्या गालावर चार बोटं उमटलेली होती.

मॅडमनी आपला तळहात साडीच्या पदराखाली घेतला.

तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुलांच्या मदतीसाठी जो फोन नंबर असतो त्यावर कोणीतरी फोन केला, की बाईनं पोरीला मारून हात मोडला. चौथ्या दिवशी पंचायत समितीचं पत्र आलं. शिक्षण विस्तार अधिकारी येऊन चौकशी करणार, मॅडमनी लेखी खुलासा तयार ठेवावा. पोलीस ठाण्यातूनही फोन आला. चौकशीचा अहवाल आला की बघू, असं तिथले हवालदार म्हणाले, पण 'बघू' म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी शिक्षक संघटनेचे तालुक्याचे सचिव जानराव घरी आले. नीरजा मॅडम आणि त्यांचे पती सौमित्र मोताळ्यात राहायचे; सौमित्र तहसीलमध्ये लिपिक होते. जानरावांनी येतानाच खुलाशाचा मसुदा लिहून आणला होता.

"मॅडम, घाबरायचं काम नाही," चहाचा कप बाजूला सरकवत ते म्हणाले. "लेकराच्या भल्यासाठी, सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा होत नाही. कायद्यातच आहे ते. हायकोर्टाचे निकाल आहेत. तुम्ही ओढलं नसतं तर वर्ग पेटला असता."

"पण शिक्षण हक्काच्या कायद्यात तर शारीरिक शिक्षेला बंदी आहे," सौमित्र म्हणाले.

"शिक्षेला बंदी आहे. वाचवायला बंदी नाही. म्हणून तर शब्द जपून वापरायचे." त्यांनी मसुद्यावर बोट ठेवलं. "हे वाचा."

मॅडमनी वाचलं. 'सदर विद्यार्थिनी जळत्या दिव्यात स्पिरिट ओतत असल्याचे निदर्शनास आल्याने तिला संभाव्य धोक्यापासून दूर करीत असताना माझा हात लागला व तोल जाऊन ती पडली.'

"हात लागला?"

"हो. लागला."

"जानरावभाऊ, तिच्या गालावर चार बोटं होती."

"तेच. हात लागला की बोटं उमटतातच." जानराव जराही हसले नाहीत. ते मनापासून बोलत होते. "मले एक सांगा, तुमच्या मनात मारायचं होतं का?"

मॅडम विचार करायला लागल्या. मनात काय होतं? भीती होती हे नक्की. रागही होता, तीनदा सांगूनही ऐकलं नाही म्हणून, आणि त्या हसण्याचा. यातलं आधी काय आलं, भीती की राग? आणि हात कशानं उठला?

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

"मंग झालं तर. जे सांगता येत नाही ते लिहायचं कशाले? अनंत सरांचं माहीत आहे ना तुम्हाले?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. अनंत सर शेजारच्या शाळेत होते. दोन मोठी पोरं कंपास घेऊन एकमेकांच्या अंगावर धावली, त्यांना सरांनी कॉलर धरून वेगळं केलं. एकाचा शर्ट फाटला, मानेवर ओरखडा आला. पाच महिने सर ठाण्याच्या फेऱ्या मारत होते. शेवटी काही निघालं नाही, पण तेव्हापासून वर्गात मारामारी झाली की ते दारात उभे राहून मुख्याध्यापकांना हाक मारतात. त्यांच्यासारख्यांसाठीच संघटना निवेदन देणार होती, की चौकशी झाल्याशिवाय शिक्षकावर गुन्हा नोंदवू नये आणि सद्भावनेनं बळ वापरलं असेल तर त्याला कायद्याचं संरक्षण मिळावं.

मॅडमना अनंत सरांचं म्हणणं पूर्ण पटत होतं. आपण मात्र त्यांच्याच रांगेत बसतो का, ते कळत नव्हतं. तरी त्यांनी मसुदा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत गेल्या. शिपाई झुंबरबाई ओटा पुसत होत्या. मॅडमच्या मनात एक प्रश्न आला होता. कौसर ओतत असतानाच तिला ओढलं असेल, तर बाटली हातातून पडून सांडायला हवी. पण गडबडीत बाहेर पडताना ओट्यावर बाटली उभी दिसल्याचं त्यांना अंधुक आठवत होतं. बाटली उभी असेल, तर कौसरनं ती आधीच खाली ठेवली होती. म्हणजे धोका संपला होता. मग पुढे जे झालं त्याला वाचवणं म्हणता येणार नाही.

"झुंबरबाई, त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बाटली कुठं होती?"

"आडवी पडेल होती ना. मीनंच उचलून उभी केली."

"म्हणजे स्पिरिट सांडलं होतं?"

झुंबरबाईंनी फडकं पिळलं. "सांडलं असन. वास तं येऊन राह्यला होता."

"वास नेहमीच येतो इथं. ओटा ओला होता का?"

त्यांनी फडकं ओट्याच्या कडेला ठेवलं. "मॅडम, खरं सांगू का? मी रोजच काही ना काही उचलतो. त्या दिवशी उचलली का आदल्या दिवशी, आता मले बी याद येऊन नाही राह्यलं. पण तुमी म्हनसान तसं सांगीन मी."

"मी काही म्हणत नाही."

"मंग मी काय सांगू?"

मॅडम तशाच प्रयोगशाळेबाहेर पडल्या.

वर्गातल्या मुलांचंही तसंच. अर्ध्यांनी पाहिलं होतं की मॅडमनी आधी दंड धरून ओढलं आणि मग मारलं. अर्ध्यांच्या मते आधी गालावर बसली, कौसर मागे हेलपाटली, आणि मॅडमनी तिला धरायचा प्रयत्न केला पण हात निसटला. एक मुलगी तर म्हणाली की मॅडमनी मारलंच नाही. ती त्या दिवशी शाळेतच आलेली नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी कौसरचे वडील फकीर मोहम्मद शाळेत आले. रोहिणखेडला त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. धिम्या चालीचा, कमी बोलणारा माणूस. मधल्या सुट्टीची वेळ होती. मॅडमनी त्यांना रिकाम्या वर्गात बसवलं. ते लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसले.

"कौसर कशी आहे?"

"बरी हाय. चित्रं काढून राह्यली. उजवा हात मोकळा हाय ना." मग ते म्हणाले, "मॅडम, गावातले दोन-तीन लोक आले होते माह्याकडं. म्हणे, सोडू नका. तुमचे जानरावसाहेब बी आले होते. म्हणे, समजून घ्या. मले दोघाईचं बी समजलं नाही. मी कोनावर केस करायले नाही आलो."

"मग?"

"मी मोटार उघडतो तं आधी पाहतो, का जळली. तार खराब होती, का लाईन कमी-जास्त झाली, का पानी नसताना चालवली. ते समजल्याबिगर मी तार भरत नाही. परत जळन ना ती." त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. "माही पोरगी म्हनते, मॅडमनं आधी थप्पड मारली, मंग मी पडली. ती खोटं बोलत नाही. चूक तिची होती, हे बी तीच सांगते. बाटली धरली तवा तुमी वढलं असन तं बचावासाठी वढलं, मले मंजूर हाय. हात मोडला तं मोडला, जान वाचली. पण मंग थप्पड काऊन?"

आठवडाभर सगळे जण आधी काय आणि नंतर काय यावर बोलत होते. त्यांनी स्वतःही तोच विचार केला होता, बाटली आडवी होती की उभी. या माणसानं पहिल्यांदा वेगळं विचारलं होतं, थप्पड का मारली. थप्पड आधी बसली असो की नंतर, त्या थपडेनं दिवा काही विझला नसता.

"भाऊ, मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटेल मी टाळते आहे. पण खरंच त्या दोन-तीन सेकंदांचं मला काही आठवत नाही."

फकीर मोहम्मद यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "होते असं," ते म्हणाले. "मले एकदा करंट लागला होता. कोनी बटन बंद केलं, मी कुठं पडलो, काही याद नाही." मग ते उठले. "पण तुमाले याद आलं तं सांगा. कागद-बिगद नको मले."

ते गेल्यावर घंटा झाली, तरी मॅडम तिथेच बसून होत्या. नववीची मुलं दारात येऊन थांबली तेव्हा त्या उठल्या.

चौकशीला विस्तार अधिकारी रुपाली तायडे आल्या. वय तिशीचं, नोकरीत येऊन दोनच वर्षं झालेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी एक छापील नमुना समोर ठेवला होता. नीरजा मॅडमनी जानरावांचा मसुदा स्वतःच्या अक्षरात उतरवून सही केली होती. सही करताना हात अडला होता, पण भगवंतराव सर बाजूलाच उभे होते आणि सौमित्र सकाळी म्हणाले होते, "एकदा हे मिटू दे, मग हवा तेवढा विचार कर."

तायडे मॅडमनी खुलासा वाचला. "हात लागला म्हणजे नेमकं काय झालं?"

नीरजा मॅडमनी तोंड उघडलं.

"ओढताना लागला, मॅडम," भगवंतराव सर म्हणाले. "घाईत होतं असं."

तायडे मॅडमनी लिहून घेतलं. नीरजा मॅडमचं तोंड मिटलं. त्या क्षणी बोलता आलं असतं. कोणी अडवलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस त्यांना गालावरच्या थपडेपेक्षा हे गप्प बसणं जास्त छळत राहिलं, कारण हे तर त्यांना पूर्ण आठवत होतं.

मग कौसरला बोलावलं. नीरजा मॅडमना बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होते.

"घाबरू नकोस. मॅडमनी तुला आधी ओढलं की आधी मारलं?"

आत शांतता.

"सांग बाळ. आधी ओढलं का?"

"हाव."

"ओढताना हात लागला?"

"हाव."

"नक्की?"

"हाव, मॅडम."

कौसर बाहेर आली. गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरवर तिनं निळ्या पेनानं वेलबुट्टी काढली होती. नीरजा मॅडमकडे बघून ती थोडीशी हसली आणि वडिलांकडे निघून गेली. फकीर मोहम्मद फाटकापाशी उभे होते. ते आत आले नाहीत.

पंधरा दिवसांत अहवाल आला. 'शिक्षिकेने सद्भावनेने केलेली कृती असून शारीरिक शिक्षेचा हेतू दिसून येत नाही.' ठाण्यातून पुन्हा फोन आला नाही. स्टाफरूममध्ये पेढे आले. जानराव दुसऱ्याच दिवशी निवेदनाचा कागद घेऊन शाळेत हजर झाले. पहिली सही नीरजा मॅडमची हवी होती. बुलढाण्याला शिष्टमंडळ जाणार होतं, तिथे मॅडमनी आपल्यावर काय गुदरलं ते दोन मिनिटांत सांगायचं होतं.

"मला दोन दिवस द्या," मॅडम म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या रोहिणखेडला गेल्या. फकीर मोहम्मद दुकानावर होते. घरी कौसरची आई बानो भेटली. तिनं पलंगावरची चादर सारखी केली, पाणी दिलं, आणि "बैठो मॅडम, मी चाय ठेवते," म्हणून आत गेली. कौसर समोर येऊन बसली.

"तू घरी अब्बांना सांगितलंस की आधी थप्पड बसली."

"हाव."

"आणि तायडे मॅडमना सांगितलंस की आधी ओढलं."

कौसर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"मी रागवायला नाही आले. मला खरंच माहीत करून घ्यायचंय. कुणी सांगितलं होतं का तसं बोलायला?"

"नाही ना. अब्बा म्हणले, तुले जे याद असन ते सांग." ती अडखळली. "पन मॅडम, त्याईनं विचारलं तवा मले वाटलं का त्याईले तेच पाहिजे हाय. मंग मले बी तसंच दिसाले लागलं. आधी तुमी मले धरलं, असं. आता मी डोळे बंद केले तं कधी हे दिसते, कधी ते दिसते."

"पहिल्या दिवशी काय दिसत होतं?"

"पहिल्या दिवशी नुसता हातच दिसत होता." मग तिनं मान वर केली. "तुमाले काय दिसते?"

"मला काहीच दिसत नाही गं."

कौसरला हे फार नवलाचं वाटलं. मोठ्या माणसांना, त्यातून शिक्षकांना, स्वतः केलेलं आठवत नाही हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. "मंग तुमी कागदावर काय लिवलं?" तिनं विचारलं.

"हात लागला असं लिहिलं."

"म्हंजे मारलं?"

"म्हणजे काहीही," मॅडम म्हणाल्या.

बानो चहा घेऊन आली. तिनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप पुढे केले. निघताना मॅडम कौसरला म्हणाल्या, "आधी काय झालं ते मला माहीत नाही. पण मी तुला थप्पड मारली, ती मारायला नको होती. ती तुला वाचवायला नव्हती."

"जाऊ द्या ना, मॅडम," कौसर म्हणाली आणि लाजून आईच्या मागे गेली.

रविवारी मॅडमनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं पत्र लिहिलं. खुलाशातले 'हात लागला' हे शब्द बरोबर नाहीत. मी विद्यार्थिनीच्या गालावर थप्पड मारली. ओढणं आणि मारणं यांत आधी काय घडलं ते मला आठवत नाही, आणि मुलीनंही ते खात्रीनं सांगितलेलं नाही. तिला प्रश्न उत्तरासकट विचारला गेला होता. सौमित्रनी ते वाचून टेबलावर ठेवलं.

"तुला माहीत आहे ना, संरक्षण मिळालंय ते तू स्वतः परत देते आहेस?"

"माहीत आहे."

"आणि त्या निवेदनावर?"

"त्यावरही सही करणार आहे. पण पहिली नाही. पहिली अनंत सरांची असू दे. त्यांच्यावर खरंच अन्याय झाला."

सौमित्र वैतागले नव्हते, पण त्यांना उलगडत नव्हतं. "म्हणजे शिक्षकाला संरक्षण हवं असं तुझं म्हणणं, आणि तुला ते नको. तू नक्की कोणत्या बाजूची?"

"तेच मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "अनंत सरांना पोरं वेगळी करताना भीती वाटू नये असं मला वाटतं. आणि मी जे केलं ते त्यांच्या नावाखाली लपू नये असंही वाटतं. दोन्ही एका कायद्यात कसं बसवायचं ते मला येत नाही. ज्यांना येतं त्यांनी बसवावं."

सोमवारी त्या पंचायत समितीत गेल्या. तायडे मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, फाईल वर गेली आहे. आता हे घेतलं तर माझाच अहवाल चुकीचा ठरतो."

"तुमची चूक नाही. मी तिथे बोलले नाही."

"पण मी त्या मुलीला तसं विचारलं का? उत्तरासकट?" त्या खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या. "मी तर तिला घाबरू नको म्हणाले होते."

"तेही म्हणालात."

मग तायडे मॅडमनी पत्रावर आवक क्रमांक घातला आणि पोच दिली. पुढे काय होईल ते त्यांनाही सांगता आलं नाही.

जानरावांना मात्र राग आला. निवेदनावर सत्ताविसावी सही म्हणून नीरजा मॅडमचं नाव घ्यायला ते तयार होईनात. एका हातानं संरक्षण मागायचं आणि दुसऱ्या हातानं कबुली द्यायची, हे कुठलं तर्कशास्त्र, असं ते म्हणाले. शेवटी अनंत सरांनीच तो कागद मॅडमपुढे सरकवला. "करा सही," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलं म्हणून माझी केस खोटी होत नाही." शिष्टमंडळाबरोबर मात्र मॅडम गेल्या नाहीत.

आठवीच्या तासाला एक दिवस त्यांनी पुस्तक उघडण्याआधी वर्गाला सांगितलं, की मी कौसरला मारलं होतं, ते चूक होतं, आणि जळत्या दिव्यात स्पिरिट ओतणंही चूकच आहे. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. या दोन गोष्टींतली नेमकी कोणती लक्षात ठेवायची ते त्यांना कळेना.

मागून श्रद्धा नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, मंग आता तुमाले शिक्षा होईन का?"

"माहीत नाही."

"कवा कळन?"

"तेही माहीत नाही."

फेब्रुवारीत उत्तर आलं. एकाच ओळीचं. 'आपले संदर्भीय पत्र नस्तीबद्ध करण्यात आले आहे.' सौमित्रनी अर्थ सांगितला, की पत्र फाईलला लावून ठेवलं, बस. स्वीकारलं असंही नाही, फेटाळलं असंही नाही.

कौसरचं प्लास्टर तोवर निघालं होतं. शाळेत परत आल्यापासून ती पहिल्या बाकावरून तिसऱ्या बाकावर बसायला लागली. तिथे तिची नवी मैत्रीण होती, त्यामुळे असेल. दुसरं काही कारण असेल. मॅडम रोज रांगांमधून फिरताना तिच्या बाकापाशी आल्या की हात मागे बांधून घ्यायच्या आणि तिची वही वाकून बघायच्या. आकृती नेहमीसारखीच नेटकी असायची. "छान," असं म्हणून त्या पुढच्या बाकाकडे जायच्या.